‘पूर्वीचे बेसबॉलपटू पैशासाठी खेळत नव्हते’, हे खरं आहे का?

“जुने अमेरिकन बेसबॉलपटू निव्वळ खेळाच्या प्रेमापोटी खेळायचे, पैसा नंतर आला,” असा मजकूर अधूनमधून फिरत असतो. वाचायला तो छानच वाटतो. नोंदी मात्र वेगळं सांगतात.

1860च्या दशकात मानधनावर बंदी होती, म्हणून पैसा आडवाटेने यायचा. खेळाडूला नावापुरती नोकरी दिली जायची. 1867 साली वॉशिंग्टनच्या एका नामांकित खेळाडूची नोंद ‘कारकून’ अशी होती. त्याच्या कचेरीचा जो पत्ता दिला होता, तिथे चक्क सार्वजनिक बाग होती!

1869च्या हंगामापासून उघड पगाराला परवानगी मिळाली. सिनसिनाटीच्या संघाने त्या वर्षी सगळ्या खेळाडूंना पगारावर घेतलं. करार 15 मार्च ते 15 नोव्हेंबरचा. शॉर्टस्टॉपला (मैदानात मोक्याच्या जागी क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूला) 1,400 डॉलर, राखीव खेळाडूला 600. कुशल कारागिराच्या वर्षाच्या कमाईपेक्षा 1,400 डॉलर ही रक्कम बरीच मोठी होती. याच संघात टोप्या बनवणारे होते, संगमरवर घडवणारा होता. अशा माणसांनी खेळावर पोट भरलं, यात मला काहीच कमीपणा दिसत नाही. खेळावर त्यांचं प्रेम होतंच, पण घरही चालवायचं होतं.

पडताळून पाहायचं असेल, तर 1869ची अमेरिकन वर्तमानपत्रं इंटरनेटवर मोफत वाचता येतात. 1880च्या जनगणनेचे मूळ तक्तेही पाहा. व्यवसायाच्या रकान्यात काही जणांपुढे सरळ ‘बेसबॉल खेळाडू’ असं लिहिलेलं आहे.