एलायझा: ‘हिला माझं कळतंय’ असं वाटलं, ते १९६६ मध्ये

यंत्राशी बोलताना ‘याला माझं कळतंय’ असं वाटणं आजच्या चॅटबॉटपासून सुरू झालेलं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६४ ते १९६६ या काळात ‘एलायझा’ हा प्रोग्राम लिहिला. नाव बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या फुलवालीचं, पुलंच्या ‘ती फुलराणी’त तीच आपली मंजुळा झाली. शिकवाल तसं बोलणारी, म्हणून एलायझा.

तिचं सर्वांत गाजलेलं रूप मानसोपचारतज्ज्ञाचं. ही निवड मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीत समुपदेशक स्वतःचं फारसं सांगत नाही, समोरच्याचंच बोलणं त्याच्याकडे वळवतो. त्यामुळे जगाची काडीचीही माहिती नसतानाही एलायझाचं निभावत होतं. वाक्यात ठरावीक शब्द शोधायचे, ‘माझा’चं ‘तुमचा’ करायचं आणि वाक्य परत करायचं. ओळखीचा शब्दच सापडला नाही, तर ‘पुढे सांगा’. समज म्हणावी असं आत काही नव्हतं.

तरी माणसं मन मोकळं करू लागली. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं हा प्रोग्राम कित्येक महिने घडताना पाहिला होता. तिनंही चार वाक्यं झाल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. १९५० मध्ये गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांनी सुचवलेल्या खेळात पडद्याआड माणूस आहे की यंत्र, हे परीक्षकाला ठाऊक नसतं. या सेक्रेटरीला पक्कं ठाऊक होतं, तरीही एकांत हवासा वाटला. या प्रसंगापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो, कारण इथे फसवणूक झालेलीच नाही.

वायझेनबाउम मात्र हादरले. त्याच सुमाराला काही मानसोपचारतज्ज्ञ असा संगणक ताशी शेकडो रुग्ण हाताळेल, असं गंभीरपणे लिहीत होते. नाझी राजवटीतल्या बर्लिनमधून १९३६ मध्ये कुटुंबासह बाहेर पडलेल्या या माणसानं १९७६ मध्ये त्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. ‘जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे’ असं आपण म्हणतो, तसाच काहीसा त्यांचा युक्तिवाद होता: माणसाची समज देहातून, बालपणातून, माणसांत वाढण्यातून येते.

पुढे १९८० मध्ये तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी चिनी न येता नियमपुस्तकावरून चिनी उत्तरं देणारा माणूस कल्पिला आणि वाद ‘यंत्राला कळतं का’ या प्रश्नाभोवती पेटला. वायझेनबाउम यांचा प्रश्न त्याहून वेगळा होता. यंत्राला जमलं, तरी दुखावलेल्या माणसाचं ऐकून घेण्याचं काम त्याच्यावर सोपवायचं का?