राजौरीचा रस्ता आणि रामा राघोबा राणे

परमवीरचक्र म्हटलं की हाती बंदूक घेतलेला सैनिक डोळ्यांसमोर येतो. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना ते मिळालं रस्ता मोकळा करण्यासाठी.

राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे, जन्म २६ जून १९१८. तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होतं. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. खडकीला केंद्र असलेली ही तुकडी पूल बांधणारी, सुरुंग काढणारी. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून १९४७च्या डिसेंबरात ते अधिकारी झाले.

चारच महिन्यांत, काश्मीरसाठीच्या पहिल्या भारत-पाक युद्धात, जम्मू भागातला नौशेरा-राजौरी रस्ता समोर आला. राजौरी नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या ताब्यात होती आणि तिथल्या लोकांचे अतोनात हाल चालले होते, त्यामुळे सैन्याला घाई होती. पण रणगाडे पुढे न्यायचे तर वाट हवी. आणि वाटेत सुरुंग पेरलेले, पाइनची झाडं आडवी पाडलेली, वरच्या डोंगरांवरून मशीनगनचा मारा. ८ एप्रिल १९४८ ला काम सुरू होताच तोफगोळ्यांनी दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. मांडीला जखम, तरी ते मागे हटले नाहीत.

पुढचा प्रसंग मला नेहमी थांबवतो. गोळीबारात उभं राहणं अशक्य, तेव्हा राणे सर्वांत पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. वरून पोलादाचं छत, दोन्ही बाजूंना फिरणारे पट्टे आणि समोर सुरुंग. इंजिनाच्या आवाजात चालकाला हाक ऐकू जाणं शक्य नव्हतं. म्हणून दोऱ्या बांधल्या. दोरी ओढून थांबण्याची, पुढे सरकण्याची खूण करायची आणि सरपटत सुरुंग काढत जायचं. खूण चुकली असती तर आपल्याच रणगाड्याखाली सापडण्याची भीती! हे धाडस क्षणाच्या आवेशाचं नव्हे. हात न थरथरता तासन्‌तास करायचं काम होतं ते.

११ एप्रिलला चिंगसपर्यंत वाट खुली झाली. मुघल काश्मीरला जात तेव्हा मुक्कामाला असलेली सराई ती हीच. दुसऱ्या दिवशी सैन्य राजौरीत पोहोचलं.

१९५० मध्ये पदक जाहीर झालं. हयातीत परमवीरचक्र मिळालेल्या पहिल्या वीरांपैकी राणे एक. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ ला पुण्यात वारले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा आहे.