गोदी सुकी की ओली?

पाटण-जावळीकडे ‘थोरला मुंबईला गोदीत होता’ म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. पण गोद्या दोन जातीच्या. दोन्हींना दरवाजा असतो, म्हणून गल्लत होते. दरवाजा पाणी आत धरतो की बाहेर थोपवतो, एवढंच पाहावं.

ओली गोदी म्हणजे आपला कोल्हापुरी बंधारा. पावसाळा सरला की बरगे घालून नदी अडवतात, तसं इथं भरतीचं पाणी कोंडतात. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. दरवाजा नसला तर माल उतरवता उतरवता जहाज धक्क्याखाली जाईल, प्रसंगी चिखलात रुतेल. ससून डॉक (1875), प्रिन्सेस डॉक (1880) या जातीचे. माथ्यावरची पोती इथली.

सुकीत पाणी उपसून जहाजाचा तळ उघडा करायचा. मुंबईतली पहिली 1750 ची, जहाजं बांधणाऱ्या लवजी नसरवानजी वाडियांच्या काळातली. जहाज यायच्या आधीच त्याच्या नकाशाबरहुकूम गोदीच्या तळावर ठोकळे मांडतात. ठोकळा जहाजाच्या सांगाड्याच्या फासळीखाली न येता दोन फासळ्यांच्या मधे आला, तर पत्रा दबतो. मग भरतीला जहाज आत, दरवाजा बंद, पंप सुरू.

खरी धास्ती पुढंच. बहुधा मागचा भाग आधी टेकतो, पुढचा अजून तरंगतच असतो. टेकल्या जागी ठोकळा खालून रेटतो, तेवढा जहाजाचा तोल कच्चा होतो. त्यात टाक्या अर्धवट भरलेल्या असल्या की आतलं पाणी एका कुशीला धावतं. म्हणून टाकी भरायची तर काठोकाठ, नाहीतर रिकामी. बाहेर काढतानाही हीच घडी पुन्हा येते. 5 डिसेंबर 2016 ला नौदलाची युद्धनौका ‘आयएनएस बेतवा’ मुंबईत सुक्या गोदीतून काढतानाच कलंडली. दोन नौसैनिक गेले.

तळाची तपासणी सुकीतच नीट होते: कालवं खरवडायची, पत्र्याची जाडी मोजायची. लाकडी जहाजाच्या फळीवर हातोडी मारायची. भद्द आवाज आला की आत कीड. मालवाहू जहाजाचा तळ पाच वर्षांत दोनदा पाहावा लागतो, मधे 36 महिन्यांहून जास्त खंड चालत नाही.

ओलीतला घात मालाचा. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस आणि सुमारे 1400 टन स्फोटकं एकाच पोटात होती. आग लागली, दोन स्फोट झाले, शेजारची जहाजंही गेली.

आजोबांच्या जुन्या कागदावर हुद्दा हमाल किंवा विंचमन (माल उचलायचं यंत्र चालवणारा) असेल तर ओली गोदी धरा. प्लेटर (पत्रे बसवणारा), शिपराइट (जहाजाचा कारागीर) असेल तर बहुतेक सुकी.