काळारामाचं दार आणि न झालेली सुनावणी

२ मार्च १९३०. अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे १५ हजारांची मिरवणूक नाशिकला पंचवटीत काळाराम मंदिरापाशी आली, तर दरवाजे बंद. दुसऱ्या दिवसापासून चारही दारांपुढे सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. नाशकातली आघाडी पुढे बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांनी लढवली.

९ एप्रिलला रामनवमी. रामाचा रथ स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून ओढायचा, अशी तडजोड ठरली होती. ऐनवेळी रथ पुढे पळवला गेला, दगडफेक झाली, खुद्द बाबासाहेबांनाही लागलं. दगडांच्या जखमा भरून येतात. शब्द देऊन मोडल्याचा हिशेब मात्र कुणी कुणाकडे मागायचा?

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ नव्हती, आपल्या स्थितीची जाणीव त्यांना व्हावी म्हणून होती, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्यात, त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

झालेल्या अन्यायाचा असा हिशेब मांडण्याचा रीतसर प्रयत्न वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत झाला. तिथे १९९५ च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. एप्रिल १९९६ पासून जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. छळ सोसलेले लोक माइकसमोर बसून सांगत, देश रेडिओवर ऐकत असे. गुन्हे करणाऱ्यांचे शिक्षेतून माफीसाठी सात हजारांवर अर्ज आले, बहुतेक फेटाळले गेले. राजकीय हेतूने केलेला गुन्हा पूर्णपणे उघड केला तरच माफी. गंमत म्हणजे पश्चात्तापाची अट नव्हती! भरपाई मात्र रखडली. २००३ मध्ये एकरकमी ३० हजार रँड ठरले, आणि पीडितांना ते तोकडे वाटले. म्हणजे तिथेही सगळं जुळलं असं नाही. तरी कुणी काय केलं, ते दप्तरी नोंदलं गेलं.

आपल्याकडे काय झालं? १९४७ च्या मुंबई प्रांताच्या मंदिरप्रवेश कायद्याने देवळं खुली झाली, १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यताच रद्द केली. यापुढे अडवील त्याला शिक्षा, एवढं ठरलं. १९३० साली दारं कुणी लावली, रथ कुणी पळवला, हे विचारायला मात्र कुणी आयोग नेमला नाही.