‘पॉश’चा बोटीच्या तिकिटाशी संबंध नाही
‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, ही गोष्ट अजूनही फिरते. विलायतेहून मुंबईला येताना बोटीच्या डावीकडची (पोर्ट) केबिन, परतताना उजवीकडची (स्टारबोर्ड), म्हणजे ऊन टळतं; म्हणून पी अँड ओ ही जहाज कंपनी श्रीमंतांच्या तिकिटांवर ही अक्षरं छापायची म्हणे. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही! शिवाय ही कथा छापून आली १९३५च्या सुमारास. शब्द त्याआधी किमान २० वर्षं वापरात होता. कोशकार व्युत्पत्ती अनिश्चितच मानतात. मला मात्र जुना धागा पटतो: एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी बोलभाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा पेनी, पुढे नुसता पैसा. तो आला रोमानीतून, म्हणजे युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या भाषेतून; तिथे अर्थ ‘अर्धा’. आणि रोमानी ही मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली भाषा.