पोटेन्शिओमीटरमधलं व्होल्टेज

पोटेन्शिओमीटर, बोलताना नुसता पॉट, म्हणजे तीन पिनांचा रेझिस्टर. पुस्तकात याला विभवमापी म्हणतात, पण कणकवलीच्या बाजारात जाऊन विभवमापी मागितलात तर दुकानदार बघतच राहील, तिथे व्हॉल्यूम कंट्रोल म्हणायचं. दोन टोकांच्या मधे कार्बनचा ट्रॅक असतो आणि मधल्या पिनेला जोडलेला कॉन्टॅक्ट त्याच्यावरून सरकतो. टोकांना 9 व्होल्ट दिले की ते ट्रॅकभर वाटले जातात, लिनियर पॉट, म्हणजे ट्रॅकभर रेझिस्टन्स सारखा वाटलेला, बरोबर मधे ठेवला की मधल्या पिनवर 4.5 मिळतात.

इथेच बहुतेकांची गडबड होते, कारण हे 4.5 तिथून कोणी करंट ओढत नाही तोपर्यंतच खरे. पॉट 10 किलोओमचा असेल आणि मधल्या पिनेपासून ग्राउंडला 10 किलोओमचाच लोड, म्हणजे करंट खाणारं पुढचं सर्किट, जोडला, तर खालचा 5 किलोओमचा भाग आणि लोड पॅरलल होऊन 3.33 किलोओम उरतात, मग व्होल्टेज 3.6 वर येतं, बटण जागचं हललेलंही नसतं. पोफळीच्या बागेत पाट मधेच कोणी फोडला की खालच्या आळ्यांना पाणी कमी पडतं, तसंच काहीसं. म्हणून लोडचा रेझिस्टन्स पॉटच्या निदान दहापट तरी असावा, आणि पॉटवरून मोटर चालवायचा नाद करू नये, ट्रॅक जळतो.

बारावीच्या प्रॅक्टिकलमधली लांब तार हा याचाच थोरला भाऊ, 1841 मधे पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेली पद्धत. 4 मीटर तारेवर 2 व्होल्ट असतील तर दर सेंटीमीटरला 5 मिलिव्होल्ट, सेल जोडून गॅल्व्हानोमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा 290 सेंटीमीटरवर शून्य झाला तर सेल 1.45 व्होल्टचा. गंमत अशी की त्या क्षणी सेलमधून करंटच जात नाही, म्हणजे वरची लोडची भानगडच संपते, साध्या व्होल्टमीटरला हे जमत नाही, तो थोडा तरी करंट खातोच.

किनाऱ्यावर मात्र पॉटचा खरा वैरी खारा दमट वारा. मालवण-वेंगुर्ल्याकडे दशावताराच्या, भजनाच्या अँप्लिफायरचं बटण फिरवलं की खरखर येते, कारण मधल्या पिनेचा कॉन्टॅक्ट क्षणभर सुटतो आणि व्होल्टेज उडी मारतं. सप्लाय बंद करून, पॉट सर्किटमधून सोडवून, मधली पिन आणि एक टोक यांच्यात ओममीटर लावा, बटण हळू फिरवा, आकडा सरसर सरकायच्या ऐवजी जिथे उडतो तिथे ट्रॅक गेलेला. कधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून भागतं, नाहीतर नवा बसवायचा.