वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेआधी रुग्णाची मानसिक स्थिती, खाण्याच्या सवयी, व्यसने, शस्त्रक्रियेविषयीची समज आणि घरचा आधार यांची क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ करतात ती तपासणी. प्रत्यक्ष मुलाखत हा तिचा गाभा असून जोडीला छापील किंवा संगणकावरच्या प्रश्नावल्या असतात. बहुधा एक-दोन तासांत काम होते, काही ठिकाणी एकाहून अधिक बैठका लागतात. रक्तचाचण्या, एंडोस्कोपी, भूलतज्ज्ञांची तपासणी, आहारतज्ज्ञांची भेट या पूर्वतयारीतलाच हा एक टप्पा आहे. तरी रुग्णांना सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते. रक्तातली साखर वाढलेली निघाली म्हणून कुणी ओशाळत नाही, इथे मात्र आपण ‘नापास’ होऊ ही भीती मनात असते. या भीतीपोटी लोक उत्तरे पाठ करून जातात, आणि तयारीची दिशा तिथेच चुकते.

गरज का पडली

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात आतड्याचा मोठा भाग वगळून सुरू झाली. १९६६ मध्ये अमेरिकी शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराचा लहान भाग थेट आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया, केली. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेने बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ४० च्या वर, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ च्या वर, अशी मर्यादा सुचवली आणि रुग्णाची पारख करणाऱ्या चमूत मानसोपचाराचे ज्ञान असलेली व्यक्ती हवी असेही सांगितले. २०२२ मध्ये अमेरिकेतील व आंतरराष्ट्रीय शल्यविशारद संघटनांनी बीएमआयची मर्यादा खाली आणली, पण अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून रुग्ण पाहावा हा आग्रह कायम राहिला.

कारण उघड आहे. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. माणूस का खातो, हे मात्र त्यामुळे बदलत नाही. त्यानंतर लहान घास, सावकाश चावणे, जेवताना पाणी न पिणे, जन्मभर जीवनसत्त्वे व खनिजे घेणे, ठरल्या तारखांना तपासणीला जाणे हे सगळे रुग्णालाच करायचे असते. शिवाय या रुग्णांत मानसिक त्रासाचे प्रमाण लक्षणीय असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांना नैराश्य आणि १७ टक्क्यांना बिंज इटिंग डिसऑर्डर (ताबा सुटून खात राहण्याचा विकार) आढळला. म्हणजे असे काही असणे हा अपवाद नव्हे. मूल्यमापन करणाऱ्यासमोर अशी माणसे रोज येतात.

काय विचारतात

सुरुवात बहुतेक वेळा वजनाच्या इतिहासाने होते. वजन कधीपासून वाढले, कोणकोणते डाएट केले, किती उतरले आणि परत का चढले. या शेवटच्या ‘का’त तज्ज्ञांना सर्वाधिक रस असतो. बाळंतपण, नोकरी सुटणे, जवळच्या माणसाचा मृत्यू, मोडलेले हाड, सुरू झालेले एखादे औषध अशा घटना वजनाच्या चढउताराशी जोडून सांगता आल्या तर मुलाखत निम्मी सोपी होते.

मग खाण्याकडे येतात. भूक नसताना येता-जाता तोंडात टाकत राहणे, रागात किंवा एकटेपणात खाणे, रात्री उठून खाणे, खाऊन मुद्दाम उलटी करणे याबद्दल थेट विचारले जाते. बिंज इटिंगचा अर्थ नुसते भरपेट जेवणे असा नाही. थोड्या वेळात खूप खाणे आणि ते थांबवता येत नाही ही भावना, असे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने घडत असेल तर २०१३ च्या निदान-निकषांनुसार तो विकार ठरतो. लग्नकार्यात चार घास जास्त खाणारा माणूस त्यात बसत नाही.

नैराश्य, चिंता, बायपोलर विकार, रुग्णालयात दाखल होणे, आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न, बालपणी झालेला छळ यांविषयीचे प्रश्न अनेकांना अनपेक्षित वाटतात. वजनाशी याचा काय संबंध, असेही मनात येते. संबंध आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा स्वतःला इजा करून तातडीच्या उपचारांसाठी येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेआधीच्या काळापेक्षा नंतरच्या तीन वर्षांत सुमारे दीडपट झालेले आढळले. अशा प्रसंगांपैकी बहुतेक आधीपासून मानसिक आजार असलेल्यांतच घडले होते. कुणावर अधिक लक्ष ठेवायचे हे आधी कळावे म्हणून हे विचारतात.

दारूचा प्रश्नही असाच. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर आणि जास्त प्रमाणात चढते. अमेरिकेतील १० रुग्णालयांत केलेल्या अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होते, पहिल्या वर्षी ते जवळपास तेवढेच राहिले आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेले. धोका उशिरा डोके वर काढतो, ही यातली ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट. तंबाखूचे कारण वेगळे आहे. धूम्रपानाने जठर-आतड्याच्या जोडावर व्रण होण्याची शक्यता वाढते.

घरात कोण साथ देणार, कुणाचा विरोध आहे, स्वयंपाक कोण करते हेही विचारले जाते. नवरा-बायकोचे नाते वजनाबरोबर हलू शकते. स्वीडनमधील पाहणीत शस्त्रक्रियेनंतर विभक्त होण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले आणि एकट्या राहणाऱ्यांत नवे संबंध जुळण्याचेही.

तयारी

सगळ्यात उपयोगी तयारी कागदावरची. वयाच्या टप्प्यांनुसार वजन, त्या वेळच्या घटना आणि केलेले उपाय एका पानावर लिहून काढावेत. एक-दोन आठवडे खाण्याची वही ठेवावी. त्यात पदार्थांबरोबर वेळ आणि त्या क्षणीची मनःस्थितीही नोंदवावी. ही वही सुधारलेल्या आहाराचे प्रदर्शन असू नये. मुलाखत जवळ आली म्हणून आदर्श जेवण सुरू केले तर वही निरुपयोगी होते.

चालू औषधांची मात्रेसह यादी, जुन्या उपचारांचे कागद, समुपदेशन चालू असल्यास त्या व्यक्तीचे पत्र सोबत न्यावे. मानसोपचाराची औषधे घेत असल्यास ‘आपण ठणठणीत दिसावे’ म्हणून ती आपल्या मनाने बंद करणे हा तयारीतला सर्वांत घातक प्रकार होय. औषधांची चर्चा तशीही व्हायलाच हवी. बायपासनंतर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या नीट शोषल्या न जाण्याची शक्यता असते, काही नैराश्यविरोधी औषधांची रक्तातली पातळी घटू शकते, तर बायपोलर विकारावर देतात त्या लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. हे बदल शल्यविशारद आणि मानसोपचारतज्ज्ञांनी मिळून आधीच ठरवायचे असतात.

आपली शस्त्रक्रिया कोणती, त्यात नेमके काय होते, कोणते धोके संभवतात, पहिल्या काही आठवड्यांत काय खाता-पिता येईल हे स्वतःच्या शब्दांत सांगता यावे. वैद्यकीय भाषा कुणी मागत नाही. समज आहे की नाही एवढेच पाहतात, कारण तिच्याशिवाय दिलेल्या संमतीला अर्थ नसतो. अपेक्षांवरही आधी विचार करावा. साखर आटोक्यात यावी, जिना चढता यावा, गुडघे दुखू नयेत या अपेक्षा पेलण्यासारख्या आहेत. ‘वजन उतरले की संसार सुरळीत होईल’ हे वाक्य ऐकले की तज्ज्ञ पुढचे चार प्रश्न तिथेच विचारतात. सैल होणारी त्वचा अनेकांच्या हिशेबात नसते, तीही धरावी.

घरच्या माणसाला सोबत नेणे बरे. काही भाग मात्र एकट्याने बोलण्याची मुभा मागून घ्यावी. अहवाल कुणाकुणाकडे जाणार, हेही सुरुवातीलाच विचारून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे.

प्रश्नावल्या

नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारते. मद्यपानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. काही केंद्रांत व्यक्तिमत्त्वाची एमएमपीआय चाचणी देतात. तिच्या एका आवृत्तीत ३३८ विधाने असून प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणायचे असते. स्वतःला फार निर्दोष दाखवणारी उत्तरे ओळखण्याच्या मोजपट्ट्या तिच्यातच असतात. ‘मला कधीच राग येत नाही’ अशा धाटणीच्या विधानांना ओळीने हो म्हणत गेल्यास शांत स्वभाव सिद्ध होत नाही, उत्तरांवरचा विश्वास तेवढा उडतो. चष्मा न्यावा, घाई करू नये, एवढी तयारी पुरे.

निष्कर्ष आणि मर्यादा

बहुतेकांना हिरवा कंदील मिळतो. काहींना आधी उपचार घ्या, तंबाखू सोडा, काही महिन्यांनी या असे सांगितले जाते. पुढे ढकलणे म्हणजे नकार नव्हे, हे त्या वेळी पटणे अवघड असते. तीव्र सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणे), आटोक्यात नसलेले व्यसन, नुकताच झालेला आत्महत्येचा प्रयत्न, उपचार न झालेला बुलिमिया (खूप खाऊन मुद्दाम उलटी करण्यासारखे उपाय करण्याचा विकार) किंवा शस्त्रक्रिया समजण्याची क्षमताच नसणे अशा स्थितीत थांबवतात. नैराश्य किंवा बिंज इटिंग असल्याने दार आपोआप बंद होत नाही.

या पद्धतीवर टीकाही होते आणि ती रास्त आहे. आधीच्या मानसिक आजारावरून पुढे वजन किती उतरेल हे खात्रीने सांगता येत नाही, संशोधनाचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मग मूल्यमापन हा फक्त अडथळा ठरतो का? केवळ शिक्का मारण्यासाठी केले तर ठरतोच. शस्त्रक्रियेनंतर खाण्यावरचा ताबा सुटणे मात्र कमी वजन घटण्याशी अधिक सातत्याने जोडलेले दिसते. म्हणून आधीच्या मुलाखतीची नोंद नंतरच्या भेटींत समोर ठेवली गेली तरच तिचे चीज होते. वजन उतरल्यावरही खाण्यावरचा ताबा सुटू लागला, दारू वाढली, झोप उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच तज्ज्ञांकडे जावे.